फोटो पाहून दर निघत नाही: उत्पादकाकडून कोटेशन कसे मागवावे

वाचकाचे पत्र: मी घडी होणारा ॲल्युमिनियमचा लॅपटॉप स्टँड तयार केला आहे. हाताने बनवलेले काही नमुने ओळखीच्यांनी वापरून पाहिले आणि त्यांना ते आवडले, म्हणून आता तो कारखान्यातून बनवून घेऊन विकावा असा विचार आहे. मी वीसेक उत्पादकांना ईमेल पाठवली, “सोबत फोटो जोडला आहे, तुमचा कमीत कमी दर कळवावा.” बहुतेकांनी उत्तरच दिले नाही. चौघांचे दर आले, पण सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त दरात जवळजवळ तिपटीचा फरक आहे. एकाने दर न देता वर्षाला किती नग लागतील एवढेच विचारले. आकडा फुगवून सांग म्हणजे दर कमी मिळेल, असे काही जण सुचवतात. मी कोणावर विश्वास ठेवावा? कमी दरवाल्याला काम देऊन टाकावे का?

उत्तर: कृपया आत्ताच कोणालाही काम देऊ नका. तुमच्याकडे आलेले चार दर एकाच वस्तूचे नाहीत. फोटोत स्टँड दिसतो, पण दर काढण्यासाठी जे लागते त्यातले फारच थोडे दिसते, आणि जे दिसत नाही ते प्रत्येक उत्पादकाने आपापल्या अंदाजाने भरून घेतले आहे. त्यामुळे तिपटीचा फरक पाहून कोणी लबाडी करतो आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. बहुधा चौघेही आपापल्या कल्पनेतल्या स्टँडचा प्रामाणिक दर सांगत आहेत.

हे हिशेबाने पाहू. समजा, तुमच्या स्टँडच्या सर्व भागांसाठी मिळून १,२०० चौरस सेंटीमीटर पत्रा कापावा लागतो. ॲल्युमिनियमची घनता एका घन सेंटीमीटरला सुमारे २.७ ग्रॅम असते. एकाने ३ मिलिमीटर जाडीचा पत्रा धरला तर नगामागे सुमारे ९७० ग्रॅम कच्चा माल लागेल, दुसऱ्याने २ मिलिमीटर धरला तर सुमारे ६५० ग्रॅम. म्हणजे केवळ जाडीच्या अंदाजावरून कच्च्या मालाच्या खर्चात एक तृतीयांश फरक पडला. त्यावर एकाने ॲनोडायझिंग (विजेच्या प्रक्रियेने धातूवरच चढवलेला संरक्षक थर) धरले असेल, दुसऱ्याने साधे पावडर कोटिंग (रंगाची भुकटी भट्टीत भाजून दिलेला थर). एकाने रबराचे पॅड, स्क्रू आणि छापील खोका दरात घेतला असेल, दुसऱ्याने स्टँड नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून देण्याचा दर लावला असेल. एवढे सगळे एकत्र झाल्यावर तिपटीचे आश्चर्य राहत नाही.

म्हणून पहिले काम दर मागण्याचे नाही, वस्तू कागदावर पक्की करण्याचे आहे. प्रत्येक भागाचे मापांसहित ड्रॉइंग पीडीएफमध्ये आणि त्रिमितीय मॉडेल स्टेप फाइलमध्ये तयार ठेवा. स्टेप फाइल बहुतेक सर्व कारखान्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते. प्रत्येक ड्रॉइंगवर आवृत्ती क्रमांक आणि तारीख असलीच पाहिजे, कारण पुढे एखादे भोक दोन मिलिमीटर सरकवल्यावर कोणाचा दर जुन्या ड्रॉइंगवरचा आणि कोणाचा नव्यावरचा हे त्याशिवाय कळत नाही. तुम्हाला स्वतःला ड्रॉइंग काढता येत नसेल तर हे काम जाणणाऱ्याकडून पैसे देऊन करून घ्या. संपूर्ण प्रकल्पात याइतका सत्कारणी लागणारा खर्च दुसरा नसेल.

धातूचे नाव नुसते “ॲल्युमिनियम” असे लिहू नका. पत्रा वाकवून करण्याच्या कामाला ५०५२ हा मिश्रधातू चांगला चालतो. ६०६१ त्याहून मजबूत असला तरी टी६ (उष्णतेच्या प्रक्रियेने कडक केलेल्या) अवस्थेत कमी त्रिज्येत वाकवला तर वळणावर चिरा पडण्याची शक्यता असते. तसेच “काळा रंग” एवढे पुरेसे नाही. पावडर कोटिंग हवे असेल तर आरएएल ९००५ असा छटेचा क्रमांक द्या, चकचकीत की मॅट तेही लिहा. ॲनोडायझिंग हवे असेल तर थराची जाडी मायक्रॉनमध्ये लिहा आणि रंगाचा नमुना पाठवा, कारण ॲनोडायझिंगचा रंग मिश्रधातूनुसार आणि प्रत्येक घाण्यानुसार थोडा बदलतो. किती बदल चालेल हे आधी ठरले नसेल तर त्यावरून पुढे वाद ठरलेला.

मापांमधील सूट, म्हणजे टॉलरन्स, याबाबत नवख्या माणसाकडून दोन टोकाच्या चुका होतात. एक तर तो काहीच लिहीत नाही, किंवा दर्जाच्या काळजीपोटी सगळीकडे दशांश मिलिमीटरची सूट लिहून मोकळा होतो आणि मग दर भडकतो. आयएसओ २७६८ या मानकातील मध्यम वर्ग सर्वसाधारण मापांना लावा. त्यात १२० ते ४०० मिलिमीटरच्या मापाला अधिक-उणे ०.५ मिलिमीटर सूट मिळते आणि चांगल्या पत्रेकामाला ती सहज पाळता येते. बिजागरीची भोके मात्र या नियमातून वगळा, कारण तिथे ढिलाई राहिली तर स्टँड डुगडुगेल. तिथे नेमकी कडक सूट लिहा आणि ती का हवी हेही एका ओळीत सांगा.

प्रत्येक गोष्ट तुम्हीच ठरवली पाहिजे असे मात्र नाही. जिथे तुमचा आग्रह नाही तिथे गरज सांगा आणि मार्ग उत्पादकावर सोडा. “पूर्ण उघडल्यावर ५ किलो वजन ठेवले तरी पुढची कड वाकता कामा नये, जाडी तुम्ही सुचवावी” असे लिहिले तर अनुभवी कारखानदार तुमच्यापेक्षा चांगला आणि स्वस्त उपाय सुचवू शकतो. फक्त कोणती बाब पक्की आहे आणि कोणती खुली आहे, हे स्पष्ट वेगळे दिसू द्या. शिवाय खुल्या बाबीत त्याने काय धरले ते दरपत्रकात लिहून मागा.

आता नगांच्या संख्येकडे येऊ, कारण मला या सर्व प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हाच भाग, आणि तुम्हाला सर्वांत चुकीचा सल्लाही इथेच मिळाला आहे. उत्पादकाच्या दृष्टीने संख्या बदलली की नुसता दर बदलत नाही, वस्तू बनवण्याची पद्धतच बदलते. दोनशे नग असतील तर तो लेझरने पत्रा कापील आणि प्रेस ब्रेकवर, म्हणजे पत्रा वाकवण्याच्या यंत्रावर, एकेक वळण देईल. त्यात डायचा, म्हणजे ठरावीक आकार ठोकून काढण्याच्या साच्याचा, खर्च जवळजवळ नसतो, पण प्रत्येक नगाला वेळ लागतो. पाच हजार नग असतील तर तो डाय बनवून पॉवर प्रेसवर ठोकून काढील. सुरुवातीचा खर्च मोठा, पण पुढे एकेक नग अगदी थोडक्या वेळात निघतो. ज्या उत्पादकाने वर्षाची संख्या विचारली त्याला हेच ठरवायचे आहे. बाकीच्यांनी अंदाजाने दर टाकले, त्याने प्रश्न विचारला. माझ्या मते चौकशीच्या यादीत तो सर्वांत वर असायला हवा. त्याला आजच उत्तर द्या.

आकडा फुगवल्याने नुकसान तुमचेच होते. दहा हजारांचा आकडा सांगाल तर तो डायच्या पद्धतीने हिशेब करून एक सुंदर दर देईल, तुम्ही त्यावर विक्रीची किंमत ठरवाल, आणि प्रत्यक्षात तीनशे नगांची ऑर्डर द्यायला जाल तेव्हा तो एक तर नकार देईल, नाही तर दर वाढवील, किंवा न बोलता जाडीत आणि फिनिशमध्ये कसर काढील. तिसरी शक्यता सर्वांत वाईट, कारण ती तुम्हाला ग्राहकाच्या तक्रारीतून कळते. शिवाय मोठ्या आकड्यांची चौकशी करून छोटी ऑर्डर देणारे लोक कारखानदारांनी पुष्कळ पाहिलेले असतात आणि ते त्यांना लवकर ओळखू येतात. त्याऐवजी २००, १,००० आणि ५,००० अशा तीन टप्प्यांचे दर मागा आणि खरे लिहा: पहिली ऑर्डर २०० ते ३०० नगांची असेल, पुढची विक्रीवर अवलंबून राहील. या तीन दरांतून तुम्हाला आणखी एक उपयोगी गोष्ट कळते, ती म्हणजे धंदा किती वाढल्यावर डाय करून घेणे परवडेल.

“आमची किमान ऑर्डर १,००० नगांची आहे” असे उत्तर आले तर तिथेच थांबू नका. ही अट कशामुळे आहे ते नम्रपणे विचारा. पुष्कळदा ती कारखान्याची स्वतःची नसते. खोके छापणारा कमी नग छापत नाही, किंवा वेगळ्या रंगाच्या कोटिंगसाठी संपूर्ण घाणा लावावा लागतो. तुम्ही कारखान्याच्या नेहमीच्या रंगांपैकी एक घेतला आणि छापील खोक्याऐवजी साध्या खोक्यावर लेबल लावले तर तीच किमान संख्या खाली येऊ शकते.

डाय, जिग आणि फिक्स्चर (काम करताना भाग नेमक्या जागी धरून ठेवणारी साधने) यांचा एकदाच होणारा खर्च नगाच्या दरात मिसळू देऊ नका. तो वेगळा दाखवायला सांगा. मिसळला की दुसऱ्या ऑर्डरलाही तुम्ही त्याच डायचे पैसे भरत राहता आणि ते लक्षातही येत नाही. डायचे पैसे तुम्ही दिले तर ती कोणाच्या मालकीची, किती नगांपर्यंत टिकेल, दुरुस्ती कोण करील आणि उद्या दुसऱ्या कारखान्यात न्यायची झाल्यास ती मिळेल की नाही, हे चारही प्रश्न पैसे देण्यापूर्वी लेखी सोडवा, कारण नंतर तुमच्या हातात काही राहत नाही.

नमुन्याचा खर्च आणि लागणारे दिवस विचारा. कारखान्याने हाताने घडवलेला नमुना आणि प्रत्यक्ष उत्पादनाच्या पद्धतीने काढलेला नमुना यांत फरक असतो. पहिल्यावरून आकार समजतो, पण मंजुरी दुसऱ्यालाच द्या, आणि सही केलेला एकेक नमुना दोघांनी जपून ठेवा. दर्जाच्या तपासणीची पद्धतही चौकशीतच लिहिली तर दरात तिचा विचार होतो. आयएसओ २८५९-१ या मानकानुसार १,००० नगांच्या खेपेतून सर्वसाधारण तपासणीच्या दुसऱ्या पातळीला ८० नग काढून पाहतात. स्वीकार्य दोषांची मर्यादा, म्हणजे एक्यूएल, मोठ्या दोषांसाठी २.५ ठरवली असेल तर त्या ८० मध्ये ५ पर्यंत दोषयुक्त नग निघाले तरी खेप स्वीकारली जाते, ६ निघाले तर नाकारली जाते. मोठा दोष कोणता आणि किरकोळ कोणता हे मात्र तुम्हीच लिहायचे असते. बिजागरी ढिली असणे मोठा दोष, तळाच्या बाजूला बारीक ओरखडा किरकोळ, अशा साध्या शब्दांत लिहिले तरी चालेल.

पॅकिंगला लोक शेवटचे स्थान देतात, पण वाहतुकीत पैसे तिथेच जातात. विमानाने माल पाठवताना सहसा ६,००० घन सेंटीमीटर म्हणजे १ किलो असे आकारमानाचे वजन धरतात आणि प्रत्यक्ष वजन व हे वजन यांपैकी जे जास्त त्यावर भाडे घेतात. तुमचा स्टँड घडी करून २७ बाय २५ बाय ४ सेंटीमीटरच्या खोक्यात बसला तर आकारमानाचे वजन ०.४५ किलो होते आणि भाडे खऱ्या वजनावर लागते. तोच कारखान्याने जोडून, उघडा ठेवून १५ सेंटीमीटर उंच खोक्यात भरला तर ते दीड किलोच्या पुढे जाते. म्हणून खोक्याचे माप, एका कार्टनमध्ये किती नग आणि भरलेल्या कार्टनचे वजन या गोष्टी दरपत्रकात मागून घ्या.

दर कुठपर्यंतचा आहे हा प्रश्न उत्पादक परदेशातला असेल तर कळीचा ठरतो. आंतरराष्ट्रीय व्यापारात त्यासाठी इन्कोटर्म्स हे नियम वापरतात. सध्याची आवृत्ती २०२० ची असून तिच्यात ११ अटी आहेत. ईएक्सडब्ल्यू म्हणजे माल कारखान्याच्या दारात तुमच्या हवाली, पुढचे सारे तुमच्याकडे; एफओबीमध्ये माल बंदरावर जहाजात चढेपर्यंतचा खर्च विक्रेत्याचा; सीआयएफमध्ये तो तुमच्या बंदरापर्यंतचे भाडे आणि विमाही भरतो, पण माल जहाजात चढल्यापासूनची जोखीम तुमचीच असते, हे पुष्कळांना माहीत नसते. कंटेनरमधून जाणाऱ्या मालासाठी एफओबीपेक्षा एफसीए (विक्रेत्याने माल ठरलेल्या ठिकाणी तुमच्या वाहतूकदाराच्या ताब्यात देणे) अधिक योग्य मानतात. तुम्ही कोणतीही अट निवडा, पण सर्वांकडून एकाच अटीवर आणि त्या अटीपुढे ठिकाणाचे नाव घालून दर मागा.

पैसे देण्याच्या अटी पहिल्याच पत्रात ताणू नयेत, त्या विचाराव्यात. ३० टक्के ॲडव्हान्स आणि उरलेले ७० टक्के माल निघण्यापूर्वी, अशी विभागणी पुष्कळ ठिकाणी चालते. तुमच्यासाठी महत्त्वाचे एवढेच की दुसरा हप्ता तपासणी झाल्यावर जावा. दराची मुदत विचारा, कारण ॲल्युमिनियमचे भाव रोज हलतात आणि उत्पादक दर फार दिवस बांधून ठेवू शकत नाही. “माल ३० दिवसांत” असे लिहून आले तर ते दिवस ॲडव्हान्स मिळाल्यापासून मोजायचे की नमुना मंजूर झाल्यापासून, हेही विचारा.

या सगळ्याची चौकशी लांबलचक व्हायला नको. पत्र एका पानाचे असावे आणि तपशील ड्रॉइंगमध्ये असावा. साधारण असे लिहिता येईल: “आम्ही घडी होणारा ॲल्युमिनियमचा लॅपटॉप स्टँड बाजारात आणत आहोत. ड्रॉइंग आवृत्ती ३ आणि स्टेप फाइल सोबत आहे. धातू ५०५२, जाडी ३ मिमी, मॅट काळे पावडर कोटिंग आरएएल ९००५. पहिली ऑर्डर २०० ते ३०० नग. कृपया २००, १,००० आणि ५,००० नगांचे दर द्यावेत. डाय किंवा जिगचा खर्च, नमुन्याचा खर्च व दिवस, खोक्याचे माप व वजन, पैसे देण्याच्या अटी, उत्पादनाला लागणारे दिवस आणि दराची मुदत वेगवेगळी दाखवावी. कोटिंग तुमच्याकडे होते की बाहेरून, ते कळवावे. रचनेत बदल केल्यास खर्च कमी होत असेल तर सुचवावे. या महिन्याच्या २० तारखेपर्यंत उत्तर मिळाल्यास आम्ही नमुन्याचा निर्णय महिनाअखेर घेऊ.” यात तुमची खरी संख्या आहे आणि निर्णयाची तारीख आहे. ढीगभर चौकशांतून कोणत्या पत्रावर वेळ घालवायचा हे ठरवणाऱ्या माणसाला या दोन गोष्टी दिसल्या की तो पत्र बाजूला टाकत नाही.

असे पत्र वीस जणांना पाठवण्याची गरज नाही. पत्रेकाम करणारे, तुमच्या आकाराच्या वस्तू बनवणारे पाच-सहा कारखाने निवडा आणि प्रत्येकाला स्वतंत्र, नावाने पत्र लिहा. ओतकाम किंवा एक्स्ट्रूजन (धातू साच्याच्या तोंडातून दाबून लांब पट्ट्या काढणे) करणाऱ्याला विचारले तर तो एक तर नकार देईल, नाही तर काम दुसऱ्याकडून करून घेऊन वर आपला नफा लावील. मधल्या व्यापाऱ्याला टाळलेच पाहिजे असेही नाही; छोट्या ऑर्डरला तो कधी कधी उपयोगीच पडतो, फक्त तो उत्पादक आहे की व्यापारी हे सरळ विचारून घ्या. बिजागरीच्या रचनेत काही नवे असेल तर संपूर्ण ड्रॉइंग पाठवण्यापूर्वी गोपनीयतेचा करार करा. पेटंट घेण्याचा विचार असेल तर आधी जाणकाराला भेटा, कारण अनेक देशांत अर्ज करण्यापूर्वी कल्पना जाहीर झाली तर पेटंटचा हक्क जातो.

तुमच्याकडे ज्या चौघांचे दर आले आहेत त्यांनाही हेच नवे पत्र पाठवा. उत्तरे आल्यावर नगाचे दर शेजारी शेजारी लिहून कमी तो निवडू नका. एकाच टप्प्याच्या संख्येला नगाचा दर, त्यात वाटून आलेला डायचा खर्च, पॅकिंग, वाहतूक, विमा, आयात असेल तर त्यावरील शुल्क आणि तपासणीचा खर्च, असे सगळे मिळवून माल तुमच्या दारात येईपर्यंत नग कितीला पडतो ते काढा. तरीही एखादा दर इतरांपेक्षा फारच कमी राहिला तर त्याला विचारा, “जाडी ३ मिमीच धरली आहे ना? कोटिंग आणि स्क्रू यात आहेत ना?” तो नेमके उत्तर देऊ शकला तर कदाचित त्याच्याकडे खरोखरच चांगली व्यवस्था असेल. उत्तर टाळले तर त्या दरावर हिशेब बांधू नका.

घासाघीस करताना एकाचे दरपत्रक दुसऱ्याला दाखवू नका. तो विश्वासाचा भंग आहे आणि समोरच्यालाही कळते की उद्या त्याचे पत्र असेच फिरेल. “दर कमी करा” एवढेच म्हटले तर उत्पादक एक तर नफा कापतो किंवा माल. त्याऐवजी “या रचनेत सर्वांत जास्त खर्च कशावर होतो?” असे विचारा. सर्व वळणांची त्रिज्या एकच ठेवली, भोकांची मापे बाजारात सहज मिळणाऱ्या स्क्रूप्रमाणे केली किंवा एखादे वळणच काढून टाकले, तर दर खऱ्या अर्थाने उतरतो. तुम्हाला परवडणारा दर कोणता, हे पहिल्या पत्रात सांगू नये असे माझे मत आहे. पहिले दरपत्रक आल्यावर मात्र तो कारणासहित सांगावा, कारण तेव्हा दोघांसमोर एकच ड्रॉइंग असते आणि चर्चा नेमक्या बाबींवर होते.

चार-पाच कामाच्या दिवसांत उत्तर आले नाही तर एकदा आठवण करा, जमल्यास फोनवर. ज्यांना काम देणार नाही त्यांनाही दोन ओळी लिहून कारण कळवा. त्यांनी तुमच्यासाठी वेळ दिलेला असतो, आणि निवडलेल्या कारखान्याची तारीख पुढे गेली तर तुम्हाला त्यांच्याकडेच जायचे आहे. अखेरीस ऑर्डर द्याल तेव्हा तिच्यात दरपत्रकाचा क्रमांक, ड्रॉइंगची आवृत्ती आणि मंजूर नमुन्याची तारीख लिहा, आणि फोनवर ठरलेला प्रत्येक बदल त्याच दिवशी ईमेलने कळवून त्यांच्याकडून होकार मागवा.